चुंबकाच्या मोटारीला कणीक

आप्पा, सोलरची मोटार मी आपल्या दुकानात भरली, जळकी तार काढून नवी गुंडाळली, आणि ती चालू झाली. हे आधीच सांगून टाकते, कारण लांबण लावलेली तुम्हाला कधी खपली नाही. हायवेवरचं आपलं दुकान अजून वडीगोद्रीतच आहे, फक्त दारात जळक्या मोटारींची रांग लागत नाही. तुमच्या वेळी रब्बीत सगळ्यांचे पंप एकदमच चालू व्हायचे, व्होल्टेज पडायचं, आणि सकाळी बैलगाडी, जीप, मिळेल त्यातून मोटारी यायच्या. शाळेत होते मी. अशीच एकदा रांग बघून मी खुशीत म्हणाले होते की आज लई धंदा आला. तुम्ही हातातली तार खाली ठेवलीत. "ज्याची मोटार जळली त्याचं रान वाळू राह्यलं. हसायचं न्हाई," एवढं बोललात आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला धरलात. मला रागच आला होता. आपलं पोट त्या जळण्यावरच भरत होतं, मग हसलं तर कुठं बिघडलं?

आता शिवारात सोलरच्या पाट्या दिसतात. लोक दिवसाढवळ्या उन्हावर पाणी देतात. तुम्ही हे बघायला हवं होतं, खरंच हवं होतं. पण दुकान बंद कर, असं मला सगळ्यांनी सांगून झालं. या नव्या मोटारी खोलायच्या नसतात, बिघडली की बदलायची, असं म्हणतात. तांब्याची तार, चांगलं लोखंड, सगळं भंगारात टाकायचं आणि वर त्याला पर्यावरण म्हणायचं. माझं डोकं तिथंच फिरतं.

या उन्हाळ्यात घनसावंगीकडच्या एक मावशी मांडीवर मोटार घेऊन जीपने आल्या. शेततळ्यावरचा पंप बंद पडला होता आणि मोसंबीला फळ धरलेलं. नवी मोटार यायला महिना लागेल असं त्यांना सांगितलेलं, आणि झाडं काही महिनाभर थांबणार नव्हती. त्यांनी विचारलं, मिस्त्री कुठं आहेत? मी म्हटलं, मीच. त्या मोटार हातातून सोडीनात.

खोलली. आतली तार जळलेली होती, ते आपलं रोजचं काम. पण तुमच्या मोटारीचा आत फिरणारा रोटर करंट असेपर्यंतच जोर धरायचा, करंट गेला की गरीब गाय. या रोटरच्या अंगातच चुंबक बसवलेले असतात, म्हणून ही मोटार थोडक्या करंटात जास्त पाणी ओढते. आयटीआयपासून सोलरच्या ट्रेनिंगपर्यंत मी हे शिकलेलं. तरी सवयीने रोटर उचलला आणि ठेवला तुमच्या टेबलावर. तुमचं ते टेबल, आप्पा! जन्मभर त्यावर कानस चालवलीत आणि किस कधी धड झाडला नाहीत. बघता बघता रोटरला लोखंडाची दाढी फुटली. हा किस आत राहिला तर मोटार पुन्हा गेलीच. फडक्याने पुसावं तर तो नुसता जागा बदलत होता.

"गेली का माझी मोटार?" मावशी म्हणाल्या.

"न्हाई मावशी. दाढी करावी लागंल फक्त."

त्या हसल्या नाहीत. मी मागच्या घरातून दुपारच्या पोळ्यांसाठी मळलेली कणीक आणली आणि गोळा रोटरवर दाबला. किस कणकेला चिकटून येऊ लागला. थोडा वेळ माझी धडपड बघून मावशींनी बाह्या सावरल्या, कणकेचा हात मला जास्त चांगला कळतो म्हणाल्या, आणि चुंबकाच्या कडाकोपऱ्यातून कण न् कण काढला. मग मी तार भरली, तुम्ही शिकवली तशी, एकावर एक न चढवता, ओढ सारखी ठेवून. तारेवरचं वार्निश सुकायला दुसरा दिवस उजाडला. कणीक गेली त्या दुपारी आमच्या घरी भात झाला.

शेततळ्यावर मोटार बसवली तेव्हा ऊन चांगलं तापलेलं. तुमच्या मोटारींसारखी ती गुरगुरली नाही, नुसता हलका घुमारा आला आणि पाणी मोसंबीच्या ओळींकडे निघालं. मावशींनी पाण्याखाली हात धरला. मग म्हणाल्या, "माझ्या दिराची बी अशीच बंद पडल्याय. तुमच्याकडंच घेऊन येते." दुकान चालणार, आप्पा. कुणाचं रान वाळायच्या आत मोटार पुन्हा उभी करायची, हा आपला धंदा, आणि तो मला येतो.

हा कागद कुठं पाठवायचा नाही म्हणून एक सांगते. पाणी आलं त्या क्षणी मला तुमची आठवण झाली नाही. हे मी केलं, एवढंच मनात होतं. तुम्ही आठवलात परतीच्या जीपमध्ये, आणि असे आठवलात की शेजारच्या बाईने माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, कोण वारलं म्हणून.

मी म्हटलं, "कुणी न्हाई. मोटार चालू झाली."