ज्याचा बिल्ला त्याने

ओकव्हिल, ५ नोव्हेंबर

प्रिय तनय,

विनिपेगला बर्फ पडला म्हणे. विंटर टायर्स लावलेस का? राहू दे, लावले नसणार, मी ओळखून आहे.

बाबांची तब्येत ठणठणीत आहे, फक्त माणूस पस्तीस वर्षं मागे गेलाय. आपल्या बेसमेंटला ते खाण समजतात. नोव्हा स्कोशियातली ती कथलाची खाण आठवते ना? आपला मुलगा जमिनीतून कथील काढतो, हे तुझ्या आजीला कधी पटलंच नाही. तो कॅनडात भांड्यांना कल्हई लावतो, असंच ती गावभर सांगे. त्या खाणीत उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला ‘खाली’च्या खिळ्यावर लावायचा आणि बाहेर आल्यावर ‘वर’च्या. बाबा शिफ्ट बॉस, त्यामुळे शेवटचा बिल्ला वर आल्याशिवाय घरी येत नसत. तुझ्या सातव्या वाढदिवसाला केक सुकून गेला ना, त्या दिवशी न्यूफाउंडलंडचा एक म्हातारा बिल्ला न हलवताच घरी गेला होता, आणि हे त्याला शोधायला पुन्हा खाली उतरले होते. तू रुसलास, आणि मी तुला हे कधी सांगितलंच नाही. चुकलं माझं.

मग कथलाचा भाव कोसळला आणि खाण बंद पडली. शेवटच्या दिवशी सगळे आपापला बिल्ला खिशात घालून निघाले. कुणी अल्बर्टाला गेलं, कुणी मासेमारीला, आपण इकडे आलो.

आता मी बेसमेंटच्या दाराशी एक फळी ठोकून दिलीय. खाली जाताना बाबा बिल्ला लावतात, वर आले की हलवतात आणि शहाण्यासारखे जेवायला बसतात. मला हसू येतं, आणि फार माया वाटते त्यांची.

पण गेल्या महिन्यात त्यांनी बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून आणखी एक बिल्ला केला आणि ‘खाली’ला लावला. त्यावर तुझं नाव आहे. तू म्हणतोस, ओळखतच नाहीत तर येऊन काय करू. केअर होममध्ये पंधरा तारखेपासून जागा मिळालीय. माझ्याच्याने आता एकटीने होत नाही रे. पण बाबा घर सोडायला तयार नाहीत. मी गुपचूप तुझा बिल्ला वर लावला, तर त्यांनी तो पुन्हा खाली लावला. म्हणाले, “ज्याचा त्यानेच हलवायचा असतो, जयंती. आपला तनय अजून खाली आहे.”

म्हणून लिहितेय. पंधराच्या आत ये. मागच्या दाराने बेसमेंटमध्ये शीर, पायऱ्या चढून वर ये आणि तुझा बिल्ला तुझ्या हाताने हलव. ते फळीजवळच बसलेले असतील.

तुझीच,
आई