कोंबडीचं डोकं आणि सलामीचा पाव

प्रिय तियाना,

फोनवर बोलायला गेलं की तुझे बाबा मध्येच तोंड घालतात, म्हणून लिहिते आहे. काल तू रडलीस. सकाळी शाळेत अर्धवेळ जर्मन शिकवायचं आणि दुपारी नोवी सादच्या चौकात, सुपरमार्केटपुढे, जाहिरातीची कोंबडी होऊन नाचायचं! ते फोमचं डोकं आदल्या मुलीच्या घामानं ओलंच असतं म्हणालीस. वर तुझ्याच वर्गातल्या पोरांनी तुला बुटांवरून ओळखलं. "बाई, अंडं घाला ना!" मला आधी हसू आलं, मग माझ्या कोंबड्या आठवल्या.

तुझ्या वयात मी कोंबड्यांच्या कत्तलखान्यात पिसं उपटत होते. तो वास केसांत मुक्कामाला यायचा. पहिल्याच भेटीत तुझ्या बाबांनी मोठ्या अदबीनं विचारलं होतं, "आपण साबण कुठला वापरता?" व्हिनेगरनं धुतलं की जायचा मात्र. मग इथल्याच शाळेत शिकवायला मिळालं, वर्षाच्या करारावर. स्वच्छ नोकरी! तुझी आजी गल्लीभर राकियाचे पेले पाजत फिरली.

मुख्याध्यापक तेव्हाही रादिवोयेच होते. पक्ष बदलत, सभा बदलत, रादिवोये आणि त्यांची बस तीच. करार वाढवून हवा तर रविवारी पक्षाच्या सभेला जाणाऱ्या त्या बसमध्ये दिसायचं, हे कुणी सांगत नसे, सगळ्यांना ठाऊक असे. दारातच प्रत्येकाच्या हातात पिशवी: पाव, आत सलामी, डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या चकत्या. उन्हानं सलामीला घाम सुटलेला. गणिताच्या व्लादांकाबाई, ज्यांना अख्खी शाळा टरकायची, त्या मांडीवर झेंडा घेऊन निमूट चावत होत्या, आणि रादिवोये पहिलीतल्या पोरांची घ्यावी तशी आमची हजेरी घेत होते. "खाऊन घ्या, खाऊन घ्या. ओरडायला दम लागतो." पेट्रोल पंपावर मी ओकायला उतरले ती परत चढलेच नाही. करार अर्थातच वाढला नाही. तेव्हापासून या बेकरीत चीज भरलेले खुसखुशीत बुरेक विकते आहे. सलामीचा तो वास मात्र कशानंच जात नाही.

मंगळवारी रादिवोये बेकरीत आले. केस गेलेत, हात तसेच चिकट. "रविवारसाठी दोनशे पाव भरून ठेवा, ताई. आणि तुमच्या तियानाला कळवा, आमच्याकडे जर्मनची जागा आहे. पूर्ण वेळ. तेवढी रविवारी बसमध्ये दिसू दे म्हणजे झालं. लेक घरी यायला हवी ना?" असं म्हणून माझा हात दाबला. मी तो पिठात घासला. बाबा म्हणतात, "एका रविवारचा तर प्रश्न! डोळे मिटून बसेल पोरगी." उद्या ते तुला फोन करतील, गळ घालतील, कदाचित रडतीलही. त्याआधी हे तुला मिळावं म्हणून नोवी सादच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते आहे.

तियाना, तुझ्या खोलीत मी रोज जाते, कुणी झोपलेलं नसताना उशी झटकते. तू घरी यावीस याहून मला काहीच नको आहे. तरीही सांगते, येऊ नकोस. सोबत व्हिनेगरची बाटली पाठवली आहे, त्या डोक्याला आतून नीट चोळ. पोरांनी पुन्हा अंडं मागितलं तर खुशाल घाल. मालकांनी ऑर्डर घेतली आहे, तेव्हा रविवारचे पाव मलाच भरायचे आहेत. दोनशेंत एक कमी भरणार आहे.

तुझी वाट न बघायचं ठरवलेली, तुझीच
आई