त्र्यंबकेश्वरचं स्पेलिंग

४ जानेवारी २००९, रविवार
समोरच्या बिल्डिंगमधून कॉम्प्युटर चोरीला गेला. निश्चय: आपली अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायची. पासवर्ड नसेल तर चोराच्या हाती नुसता कचरा. आपल्या मशीनवर विंडोज (बायको सुवर्णा, मुलगी सृष्टीचे गेम) आणि लिनक्स (मी) अशा दोन्ही सिस्टिम आहेत. दोघांना वेगळं कुलूप. सातपूरच्या आमच्या कंपनीत हे कोणाच्या बापाला जमलेलं नाही.
स्टोअर्समधला रवी म्हणाला, आधी बॅकअप घे. रवी सायकलवरसुद्धा हेल्मेट घालतो.

११ जानेवारी
फत्ते. सासूबाईंची रेकॉर्डिंग मुद्दाम लिनक्समध्ये हलवली. त्या दिवाळीत गेल्या. त्याआधी सुवर्णाने मोबाईलवर आईला बोलतं केलं होतं. मखमलाबादचा मळा, झेंडू, पंचवटीतला बाजार. सुरुवातीलाच विचारतात, हे डबडं ऐकतंय का, मंग मी लय बोलते. सुवर्णा स्वयंपाक करताना रोज लावते.
विंडोजमधली आणि मोबाईलमधली कॉपी उडवली. जास्त ठिकाणी ठेवणं म्हणजे चोराला जास्त दारं.
पासवर्ड: विंडोजला पंचवटी, लिनक्सला त्र्यंबकेश्वर. नाशिकचा माणूस हे विसरेल का? इंग्रजीत टाईप केले. पडद्यावर अक्षरं दिसत नाहीत, पण दोन्ही वेळा जुळले.

१२ जानेवारी, सकाळ
विंडोज उघडलं. पंचवटीत मधे एक ए जास्त होता. किरकोळ.
लिनक्स नाही उघडलं. टी-आर-आय की टी-आर-वाय? शेवटी व्ही की डब्ल्यू? बोटांवर सोडून पाहिलं. बोटं दर वेळी नवीनच लिहितात.
सुवर्णाला सांगितलं, अपडेट चालू आहे.

१८ जानेवारी
बसने थेट त्र्यंबकेश्वर. मूळ स्पेलिंग तिथेच मिळणार. बसवर एक, स्टँडवर दुसरं, एका लॉजच्या पाटीवर वर वेगळं आणि खाली वेगळं. पेढेवाल्याला विचारलं, यातलं खरं कोणतं. तो म्हणाला, वर मराठीत लिवलंय ना, ते खरं.
सगळी उतरवून आणली. आता फक्त टाईप करायचं. घरी सुवर्णाने विचारलं, दर्शन झालं का. गडबडीत राहिलं.

२५ जानेवारी
स्पेलिंगं संपली. रवी म्हणाला, हे फोडता येत नाही, त्यासाठीच तर असतं. म्हणजे काम मी चोख केलंय.
सुवर्णाला खरं सांगावं लागलं. ती म्हणाली, अहो, माझ्या आईचा आवाज चोरून चोर काय करणार होता? फार वाईट वाटलं.

८ फेब्रुवारी
विंडोजला लिनक्सचा भाग ओळखू येत नाही. त्यावर क्लिक केलं की विचारतं, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू? हो म्हटलं की सगळं पुसलं जाणार, म्हणून मी नाही म्हणत आलोय.
आज सृष्टीने विचारलं, आजी कशी बोलायची? सुवर्णाने बोलून दाखवलं. सृष्टी म्हणाली, अशी नव्हती बोलत. सुवर्णाने पुन्हा बोलून दाखवलं. मग उठली आणि कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. मी म्हणालो, थांब, अजून एक स्पेलिंग बाकी आहे. कोणतं, तिने विचारलं. मी उतरवून आणलेली यादी पुन्हा चाळू लागलो.
बास करा आता, म्हणाली, आणि हो वर क्लिक केलं.
पोळ्या होईपर्यंत डिस्कचा तो भाग कोरा झाला. आता त्याला पासवर्ड लागत नाही.