स्मोकी माल्ट आणि माझं तयार नाक

१ डिसेंबर, सकाळी
प्रगतीने नाशिकहून बाटली पाठवली. स्कॉटलंडची सिंगल माल्ट, तीही पीटेड. पीट म्हणजे दलदलीत कुजून मातीसारखं झालेलं गवत. ते जाळून त्याच्या धुरावर बार्ली सुकवतात. फोनवर म्हणाली, बाबा, तुमची आवडती. नाताळच्या सुट्टीत येते, मग आपण दोघं बसू.
मुलगी बापाबरोबर बसणार! जव्हारमध्ये असं दुसरं घर दाखवा.
‘आपल्याला फक्त स्मोकी माल्ट चालते’ हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलोय. प्यायचा योग आला नव्हता, एवढंच. आवड होतीच.

२ डिसेंबर, संध्याकाळी
बाटली फोडली. शेजारचा मोबाइलवाला देवानंद हजर होता. झाकण काढताच त्याने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. म्हणाला, हेमंतशेठ, वायर जळतेय.
पहिला घोट अंधारातच घेतला. जळका काथ्या आयोडिनमध्ये बुडवल्यासारखी चव. ही तक्रार नव्हे. मोठ्या चवी एकदम उघडत नसतात.
देवानंद म्हणाला, दवाखान्यातली पट्टी चोखतोय असं वाटतं. नाक तयार नाही बिचाऱ्याचं.

५ डिसेंबर
व्हिडिओत एक दाढीवाला सांगत होता, थोडं पाणी घातलं की माल्ट उमलते. घातलं. उमलली. खिडक्या उघडाव्या लागल्या.
मग सोडा घातला. मग कोल्ड्रिंक. कोल्ड्रिंकचं कुठेही बोलायचं नाही.

९ डिसेंबर, मोखाडा
दोष जिभेचा नाही, नाकाचा आहे. म्हणून एसटीने मोखाड्याच्या बाजाराला. पीटेड माल्टमध्ये समुद्र असतो म्हणतात, तेव्हा सुकटवालीसमोर उभा राहून दीर्घ श्वास घेत होतो. जयवंतीबाई नाव तिचं. मग म्हणाली, घ्यायचं नसंल तर बाजूला व्हा दादा, गिऱ्हाईक अडतंय.
बोंबील घ्यावे लागले. परतीच्या बसमध्ये शेजारी कोणी बसलं नाही. प्रशस्त प्रवास.

१४ डिसेंबर
प्रगतीचा फोन. तिने ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय, आमचे बाबा जव्हारला राहून पीटेड पितात. मला विचारलं, कशी आहे? मी म्हणालो, आधी राख, मग समुद्र, शेवटी मध. ती इतकी खूश झाली! नोकरी लागल्यापासून फोनवर ‘जेवलात का’च्या पुढे आमचं जात नव्हतं. आज अर्धा तास बोललो.
आता माघार नाही. संकल्प: रोज एक चमचा, औषधासारखा.

१५ डिसेंबर
चमचा घेतला. उचकी.

१७ डिसेंबर
थंडी वाढलीय. चोंदलेल्या नाकाने सराव करणं म्हणजे माल्टचा अपमान. विश्रांती.

२४ डिसेंबर
पूर्ण तयारी. ग्लास पुसले. भाषण पाठ. नाक मोकळं.

२५ डिसेंबर, संध्याकाळी
ओटीवर बसलो. प्रगतीने ओतली. मी राख-समुद्र-मध सांगितलं आणि आत्मविश्वासाने घोट घेतला. तो नाकातून बाहेर आला.
प्रगती पाठीवर थापट्या मारत म्हणाली, बाबा, तुम्हाला नाही ना आवडत? मी म्हणालो, ही कौतुकाची पद्धत आहे.
तेवढ्यात बायको, पुष्पा, भजी घेऊन आली. माझा ग्लास बाजूला ठेवायला उचलला, नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली. म्हणाली, अगं, हा तर माझ्या माहेरचा, पोशेऱ्याच्या घरातला वास. पावसात आई चुलीवर टोपली टांगून नाचणी सुकवायची. तिच्या लुगड्यालाही हाच वास. कुशीत शिरलं की पहिला हाच यायचा.
आणि घोट घेतला. ठसका नाही, काही नाही. खाली बसली. प्रगती पाणी घालायला गेली तर म्हणाली, नको गं, अशीच बरी आहे.
मग आईचं बोलत राहिली. प्रगतीने यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही. नाचणी आणि बार्ली यांतला फरक समजावून सांगायला तोंड उघडलं, पण दोघी रडत होत्या. मिटलं.

३० डिसेंबर
प्रगतीचा फोन. म्हणाली, आईची बाटली संपत आली का? संक्रांतीला दुसरी आणते.
आईची!
मी विचारलं, आणि माझ्यासाठी? ती म्हणाली, बाबा, तुम्ही बसा ना आमच्यात.
पुष्पाने भजी तळायचं काम माझ्याकडे दिलंय. पीठ भिजवायचा व्हिडिओ पाहिला. अवघड काही नाही.