आकार दिसला पाहिजे

५ डिसेंबर
लग्नानंतरच्या पहिल्या नाताळची सकाळ आज उगाचच आठवली. मी पुडकं ह्यांच्या मांडीवर ठेवलं. ह्यांनी डोळे मिटून ते एकदा चाचपलं आणि म्हणाले, किटली. झाकणाचा टवका उडालाय, दुकानदाराने स्वस्तात तुझ्या गळ्यात मारलेली दिसते. दोन्ही खरं होतं. मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.
नाताळच्या भेटींची सवय मला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी लावली, ह्यांना मी. त्यानंतर दर वर्षी मी वस्तू लपवायची आणि ह्यांनी कागदावरूनच ओळखायची. एकदा हातोडीभोवती उशी गुंडाळली, तरी ओळखली.
यंदा लेक, जावई आणि नात चोवीसला येणार. फोनवर लेक म्हणाली, आई, बाबांचं काय ते नाताळात ठरवून टाकू. तिने विसरण्याचा आजार असलेल्यांसाठीचं एक होम बघून ठेवलंय. फार स्वच्छ आहे म्हणे. आमचं घर काय उकिरडा आहे?
डॉक्टर म्हणतात आजार वाढतोय. डॉक्टरांना सगळ्यांचंच सगळं वाढलेलं दिसतं.
बेत पक्का: नाताळच्या सकाळी सगळ्यांदेखत हे पुडकी ओळखतील. विषय संपेल.

८ डिसेंबर, दुपार
खरेदी झाली. छत्री, झारी, बॅडमिंटनची रॅकेट. सगळं ह्यांच्यासाठी. दुकानातली मुलगी म्हणाली, मावशी, बॉक्समध्ये घालून देऊ का, गुंडाळायला सोपं जाईल. मी म्हटलं, बॉक्समध्ये घातलं की बॉक्सच दिसतो.
जन्मभर लपवायची कला शिकले, आता उलटं करायचं. कागद ब्लाउजसारखा अंगाबरोबर बसला पाहिजे. झारीच्या तोटीपाशी तीनदा फाटला. आत हिरवा पत्रा दिसतो. दिसू दे, मदतच होईल.

११ डिसेंबर
रंगीत तालीम. छत्री हातात दिली. ह्यांनी विचारलं, कोणासाठी आहे? म्हटलं, तुमच्यासाठी. तर म्हणाले, अहो बाई, तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात.
मला आजवर कधी अहो म्हणाले नव्हते. पण रीतभात अजून शाबूत आहे, हे नोंदवण्यासारखं आहे.

१३ डिसेंबर
झारी चाचपून म्हणाले, बदक.
बदकालाही लांब मान असते, आणि पाण्याशी संबंध आहेच. अर्धे मार्क दिले.
रॅकेट पाहून म्हणाले, भूक नाही. ती मीच चुकीच्या वेळी दिली.

१५ डिसेंबर
नवं धोरण. एकच विषय पक्का करायचा. छत्रीची मूठ कागदाबाहेर काढून ठेवली. रोज चहाआधी सराव. आधी छत्री, मग कप.

१८ डिसेंबर, सकाळ
म्हणाले. स्पष्ट म्हणाले. छत्री.
मी दोन बिस्किटं जास्त दिली. लगेच लेकीला फोन केला की बाबा झपाट्याने सुधारताहेत. ती म्हणाली, आई, तू झोपतेस ना नीट? विषय बदलायची खोड तिची लहानपणापासूनची.

२१ डिसेंबर
हे पायजम्यावरच ऑफिसला निघाले होते. वरच्या मजल्यावरच्या काकांनी फाटकापासून परत आणलं. काकांना म्हटलं, मोकळी हवा बरी असते, आणि लेकीला काही सांगायची गरज नाही.
नंतर हे बाथरूममध्ये खाली बसले. उठवताना माझी पाठ गेली. ती तशीही जुनी झालीय. बाकी दिवस चांगला गेला.

२४ डिसेंबर, संध्याकाळ
मंडळी आली. लेकीने विचारलं, वाकून का चालतेस? म्हटलं, कागदाचे तुकडे शोधतेय. उद्यासाठी ह्यांचा निळा स्वेटर इस्त्री करून ठेवलाय.

२५ डिसेंबर
छत्री दिली. डोळे मिटून म्हणाले, छत्री. जावयाने टाळ्या वाजवल्या. मी लेकीकडे पाहिलं.
नातीने झारी पुढे केली. छत्री. रॅकेट. छत्री. मी म्हटलं, मुद्दाम करताहेत, पहिल्यापासून खोडकर. कोणी हसलं नाही.
मग नात मांडीवर चढून म्हणाली, आजोबा, आता मला ओळखा. ह्यांनी तिचे गाल चाचपले, कान, वेणी. फार हळुवारपणे. म्हणाले, छत्री.
पोरगी खदाखदा हसली. लेक उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मी जाऊन नळ बंद केला. ती म्हणाली, आई, मला बाबांची नाही गं, तुझी काळजी वाटते. मी म्हटलं, पाणी वाया जातंय. ती म्हणाली, आई.
मग मीच विचारलं, कधी न्यायचं?

२७ डिसेंबर
दोन तारखेला. तिथे एक पलंग, एक कपाट, खिडकीशी खुर्ची. सामान मोजकंच न्यायचं. तेव्हा कोणाला काय ते इथेच ठरवून टाकते, नाहीतर ऐनवेळी घोळ होईल.
छत्री जावयाला. मुठीवर चहाचे डाग आहेत, ते आधीच सांगावं.
झारी वरच्या मजल्यावरच्या काकांना, तोंड बंद ठेवल्याबद्दल.
रॅकेट नातीला. तिची उंची वाढेपर्यंत कपाटावर ठेवावी.
उरलेला कागद आणि माझी चांगली कात्री लेकीला. पुढच्या वर्षीची पुडकी तिने करावीत, माझी पाठ साथ देईल असं वाटत नाही.
काल गरम पाण्याची पिशवी आणली, ती ह्यांच्याबरोबर. गुंडाळून ठेवलीय. तिथल्या नर्सच्या हातात द्यायची आणि सांगायचं, कागद काढू नका. रोज सकाळी चहाआधी मांडीवर ठेवा. काहीही म्हणाले तरी बरोबर म्हणा.