हिन्‍रिकचे कागद आणि अकरा आठवडे

मी, आल्मा ब्र्युगेमान, वय एकोणऐंशी, राहणार विरेनडोर्फ, माझ्यामागं काय कुणाला जावं ते माझ्याच हातानं लिहीत आहे. टाइप केलेलं आमच्या कायद्यात चालत नाही, नाहीतर माझ्या एकहार्टनं केव्हाच टाइप करून आणलं असतं. डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण ते कुणाला द्यायचे नाहीत.

१. घर व गोठा मुलगा एकहार्ट यास. छप्पर गळतं हे वीस वर्षं सांगतेय. आता त्याचंच छप्पर.

२. धुराची कोठी शेजारीण इल्झे कोथेला. मांसाला धुरी देऊन हॅम करणं तिलाच जमतं. सुनेनं तिथं सायकली ठेवू नयेत.

३. माझे मालक हिन्‍रिक यांचं जर्मन सैन्यातलं पगारपुस्तक, सुट्टीचे दाखले आणि पत्रं नात विब्के हिलाच. कारण लिहिते. पंचेचाळीस साली इंग्रजांनी मालकांना धरून नेलं, तेव्हा मी हे सगळं धुराच्या कोठीत हॅममागं लपवलं. नोव्हेंबरात डुक्कर कापलं, धुरी द्यायला कोठी पेटवली आणि कागद विसरले. बेचाळीस सालची पानं करपली. पुढं पन्नास वर्षं “इंग्रजांनी जाळली” म्हणत आले. ते खोटं.

त्या करपलेल्या पानांच्या भोकात एकहार्टनं दोन रणगाडे घातले. नेमबाजी मंडळात बियर चढली की, बापानं एकट्यानं उडवले म्हणून सांगतो. बाप नालबंद होता.

विब्के तेवीस वर्षांची, पण पोरीची चिकाटी बघावी! बूट कधी मिळाले, लस कधी टोचली, दाढ कुठं काढली, एकेका शिक्क्यावरून तिनं आजोबांची वाट नकाशावर मांडली. सरकारी दप्तरांना पत्रांवर पत्रं धाडली. एकहार्ट ज्या आठवड्यात रणगाडे उडवले म्हणतो, त्या आठवड्यात आजोबा घोड्यांच्या दवाखान्यात होते. लाथेनं मोडलेल्या बरगड्या बांधून नाल ठोकत होते. घरी त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. अशा माणसाचा मला अभिमान आहे.

एकहार्ट म्हणाला, “आई, पोरीला आवर. बाबांचं नाव घालवतेय.”

“नाव तू घालवलंस. रणगाडा दिसला असता तर त्यालाही नाल ठोकले असते त्यांनी.”

विब्के हसली नाही. “आजी, बेचाळीसच्या उन्हाळ्यातले अकरा आठवडे अजून सापडत नाहीत. आजोबांची तुकडी होती त्या भागात तेव्हा आपल्या सैन्यानं गावं जाळली.”

“बास!” एकहार्ट ओरडला. “कागद कपाटात जातील, किल्ली माझ्याकडे.”

म्हणून हे कलम.

४. एकहार्टनं कागद अडवले तर घर गावाला जावं. विब्केनं शोध चालू ठेवावा. त्या आठवड्यांत शौर्य भरू नये, निर्दोषपणाही भरू नये. निघेल ते लिहावं, मला आवडेल की नाही ते बघू नये.

मी मालकांना एकदाच विचारलं होतं, “त्या उन्हाळ्यात कुठं होता तुम्ही?” त्यांनी चमचा खाली ठेवला आणि गोठ्यात निघून गेले. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

विब्के, तू विचार.

सही: आल्मा ब्र्युगेमान
आमच्यासमोर वाचून सही केली: गेरहार्ट रेहबाइन, पाद्री, ओटो लिंडहोर्स्ट, सुतार
विरेनडोर्फ, ९ मार्च १९९८