आईचं आठ वाजताचं पान

शिलो,
९ ऑक्टोबर

आ-श्यांग,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते. तू खुशाल असशील, तैपेईत सगळेच असतात. इकडे भात कापणीला आला आहे. शेजारच्या लियाओ काकूंचा गुडघा तसाच आहे आणि तोंडही तसंच आहे. परवा कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "तुमचा श्यांग फार गुणाचा हो, येतो तेव्हा काहीतरी बसवून जातो." मी हो म्हटलं.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि मागे तुझी बोटं कीबोर्डवर चालू असतात. पत्र वाचताना निदान हात थांबतील.

याच टपालाने एक खोकं येईल. त्यात तू टीव्हीला लावलेला तो इंटरनेटचा काळा डबा आहे आणि त्याचा बोटाएवढा रिमोट. तुझ्याच कंपनीची वस्तू, तुलाच लखलाभ. केबल परत घेतली. आईच्या नावावरची तू बंद केली होतीस, आता माझ्या नावावर आहे. लाय आला होता वायर जोडायला. तोच लाय, ज्याच्या बापाने पहिली केबल आपल्या गल्लीत सुपारीच्या झाडांवरून ओढली होती. शिडीवरून म्हणाला, "ताई, अख्खं गाव केबलचे डबे परत करायला येतंय आणि तुम्ही एकट्याच मागताय. आजारी आहात का?" मी त्याला चहा दिला नाही.

तू म्हणाला होतास, "ताई, आता कशाचीच वाट बघायची गरज नाही. हवं ते, हवं तेव्हा." बाबांच्या समोर म्हणालास. त्यांनी मान डोलावली. ते तुझ्या प्रत्येक वाक्यावर मान डोलावतात, तेवढंच त्यांना जमतं. त्याला तू संमती समजलास.

आई गेल्यापासून बाबा तिला रोज पान वाढत होते, हे तू पाहिलं आहेस. रीत म्हणून सगळेच वाढतात, वर्ष होईपर्यंत. वर्षश्राद्धाला नव्याने गेलेल्या माणसाचं नाव पूर्वजांच्या जुन्या पाटीत मिळवलं की पान बंद. पण लोक अंधार पडताना वाढतात आणि बाबा आठ वाजता वाढायचे. आठला ती मालिका लागते ना, सोयासॉस गाळणाऱ्या घराण्याची, आई आजारी पडली तेव्हा अर्ध्यावर आलेली. बाबांनी टीव्ही कायमचा देवघराकडे वळवून ठेवला होता. आईच्या नावाच्या पाटीसमोर भात, वर शिजवलेला कोबी, मुळ्याचं सूप, आणि ते स्वतः बाजूच्या स्टुलावर, मान वाकडी करून बघत. जाहिराती लागल्या की उठून नवी उदबत्ती लावायचे, सूप गार झालं असेल तर बदलायचे. तुझ्या डब्यात जाहिराती नाहीत. ती त्याची मोठी सोय आहे, असं तू म्हणालास. बाबांनी उठायचं कधी?

तू म्हणशील, त्यातही रोज एकच भाग लावता आला असता. तेही करून पाहिलं. भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. बाबा रिमोट दोन्ही हातांत धरून माझ्या नावाने ओरडायचे. मग म्हणाले, "मी थांबवलं तर ते मी थांबवलेलं असतं गं. केबलवर संपायचं तेव्हा संपतं. तिला सांगता येतं, उद्या ये."

मालिका वर्षश्राद्धाच्या आत संपणार नाही, हे त्यांना माहीत होतं. मी एकदा विचारलं, मग पान कधी बंद करणार? तर म्हणाले, "मालिका संपली की." गुरुजी काय म्हणतील, तर म्हणे, "गुरुजींची बायको मालिका बघत नाही."

एवढं सगळं चाललं होतं आणि तू रविवारी आलास. बाबा दुपारी झोपले. मी बाजारात होते. डब्यात सगळे भाग केबलच्या आधीच येतात, त्यातले शेवटचे तू लावलेस. मी पिशव्या घेऊन आत आले तर पडद्यावर नावं वर सरकत होती, बाबा दारात उघड्या पायांनी उभे होते आणि तू खूश होऊन त्यांना सांगत होतास, "बाबा, आईला शेवट दाखवला. वर्ष भरायच्या आत दाखवला. आता तिचा जीव कशात अडकायला नको."

तू हे प्रेमाने केलंस. म्हणूनच मला तुझा जास्त राग येतो. वाईट हेतूने केलं असतंस तर दोन शब्द बोलून मोकळी झाले असते.

तू सहाच्या गाडीने गेलास. आठला बाबांनी पान वाढलं नाही. मी भात घेऊन गेले तर म्हणाले, "राहू दे. तिने बघितलं. आता कशाला येईल?"

दुसऱ्या दिवशीही नाही. मग स्वतःचंही पान सरकवू लागले. "भूक नाही." सकाळी तेच, संध्याकाळी तेच. लियाओ काकूंनी आल्यातलं बदक आणून दिलं, त्याला हात लावला नाही. तू त्या आठवड्यात फोन केलास, "बाबा जेवतात ना?" मी म्हटलं, जेवतात. काय सांगणार होते? पुढच्या बुधवारी ते न्हाणीघरात खाली बसले, ते उठेनात. दवाखान्यात नेलं. सलाइन लावली. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू आला असतास, आणि काहीतरी बसवून गेला असतास.

त्या वॉर्डात मला आईचे शेवटचे दिवस आठवले. ती सारखं विचारायची, "तो आला का? तो परत आला का?" नर्सला वाटलं, तुझ्याबद्दल विचारते आहे. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, भावाला बोलवून घ्या. आई मालिकेतल्या धाकट्या मुलाबद्दल विचारत होती.

बाबांना घरी आणलं. मी दिवाणखाना झाडायला घेतला, कित्येक दिवस झाडला नव्हता. टीव्हीखाली धुळीत त्याच्या पायांची जुनी खूण होती, देवघराकडे तोंड केलेली. टीव्ही त्या खुणेवर नव्हता. सोफ्याकडे वळलेला होता. खिडकीचा उजेड डोळ्यांवर येत असेल तुझ्या. तू वळवून घेतलास, पाय वर घेऊन बसलास, आणि आईला शेवट दाखवलास. आईसमोर होती टीव्हीची पाठ आणि लोंबणाऱ्या वायरी.

मी बाबांना हाताला धरून आणलं, दाखवलं. त्यांनी वाकून खुणेच्या कडेला बोट लावलं. मग म्हणाले, "ऐकू तर आलं असेल."

"तिला ऐकू कुठे यायचं, बाबा? तुम्हीच तर तिला बहिरी म्हणून ओरडायचात. ती खालची अक्षरं वाचायची."

"हो," ते म्हणाले. "वाचायची."

पण नुसत्या माझ्या बोलण्यावर ते पान वाढणार नव्हते. कौल घ्यायला हवा होता. मी कौलासाठी जमिनीवर टाकायच्या लाकडाच्या दोन चंद्रकोरी काढल्या. ते म्हणाले, "मुलाने विचारायचं असतं." मी म्हटलं, मुलगा सोफ्यावर बसला होता, आता मुलगी विचारेल. गुडघे टेकले आणि विचारलं, आई, तू शेवट पाहिला नाहीस ना? पहिल्यांदा दोन्ही कोरी उताण्या पडल्या. म्हणजे उत्तर नाही, नुसतं हसू. बाबा मागून म्हणाले, "हसते आहे तुला. नीट विचार." कित्येक दिवसांत ते पहिल्यांदा एवढं बोलले. मी पुन्हा विचारलं. एक पालथी, एक उताणी, म्हणजे होकार. पुन्हा तेच. पुन्हा तेच. पाहिला नाही.

बाबांनी टीव्ही स्वतः ढकलून खुणेवर आणला. मला हात लावू दिला नाही. मग लायला फोन केला.

मधले भाग गेले ते गेले. बाबा म्हणतात, "तिचेही जायचे, डुलकी लागायची." काल आठला पान वाढलं. जाहिराती लागल्यावर त्यांनी सूप बदललं, आणि उतरवलेलं गार सूप उभ्याउभ्या पिऊन टाकलं. अर्धी वाटी भातही खाल्ला. वर्षश्राद्धाचं मी गुरुजींशी बोलून घेईन. नाव पाटीत कधी मिळवायचं ते मालिका ठरवेल, तू नाही.

तुला येऊ नको म्हणणार होते. पहिल्या कागदावर तसं लिहिलंही होतं, तो फाडला. बाबांनी विचारलं, कुणाला लिहितेस? सांगितलं. ते म्हणाले, "त्याला म्हणावं, माझ्या शेजारी त्याचंही स्टूल आहे."

तेव्हा येणार असशील तर आठच्या आधी ये. टीव्हीला हात लावू नकोस. या घरात शेवट फक्त तुला माहीत आहे. तो धाकटा मुलगा परत येतो की नाही, हे आम्हाला सांगू नकोस.

तुझी, अजूनही,
ताई
पी-युन